ओठ आधी, आवाज मागनं

"ओठ आधी, आवाज मागनं," असं म्हणून काका तर्जनी वर करायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या दातात काही अडकलंय की काय. पहिल्या भेटीत मीसुद्धा गुपचूप जिभेने दात चाचपून पाहिले होते.

काका ट्रॅक वाचायचे. हे काम तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण ते करणारी माणसं पडद्यावर दिसत नाहीत. कार्टूनपटात आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रं नंतर काढतात. मधे कुणीतरी तो आवाज तुकड्यातुकड्याने ऐकायचा आणि कागदावर लिहायचं, की या ठिकाणी तोंड उघडं, इथे ओठ मिटले, इथे ढोलकीची थाप पडली. एका सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणून चोवीस ओळी. त्या शीटवरून आमच्यासारखे लोक तोंडं काढतात. प, ब, म म्हणताना ओठ आधी मिटतात आणि आवाज नंतर फुटतो. चित्रात ते तसं झालं नाही, तर बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं.

मूळचे विंझरचे. उमेदीची सगळी वर्षं मुंबईत जाहिरातींचे आणि परदेशी मालिकांचे ट्रॅक वाचण्यात घालवून ते नसरापुरात येऊन राहिले. खाली पिठाची गिरणी, वर त्यांची खोली. टेबल, हेडफोन, लॅपटॉप आणि समोर खिळ्याला टांगलेला दाढीचा आरसा. आरशात बघून ते प्रत्येक वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहत. दळणाला आलेल्या बायका जिन्यातून डोकावून हसायच्या. म्हातारा आरशात बघून वेडावतोय, अशी गावात त्यांची ख्याती होती.

मी किकवीची. रोज स्कूटीवरून पुण्याला स्टुडिओत जायचे आणि वाटेत नसरापूरला थांबून शीट घ्यायचे. खाली गिरणी धडधडत असायची, टेबलावरचा पेला थरथरायचा आणि काका मन लावून लिहीत असायचे. एकदा म्हटलं, "काका, या आवाजात तुम्हाला ऐकू तरी कसं येतं?"

"सवय लागती, पोरी."

मला ते फार थोर वाटलं होतं. मी स्टुडिओत सगळ्यांना सांगत सुटले, की एकाग्रता शिकावी ती काकांकडून.

एकदा घाईत होते, म्हणून स्कार्फ न सोडताच वर गेले. आमच्याकडच्या मुली गाडीवर कशा फक्त डोळे उघडे ठेवून हिंडतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. मी तशीच बोलत सुटले. स्टुडिओच्या साहेबांचा निरोप दिला, शीटचं विचारलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्ये फडकं काड की तोंडावरचं."

"राहू दे काका, लगेच निघायचंय."

ते तसेच बघत राहिले. तेवढ्यात काकू आतून आल्या, वळसा घालून त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "तिला उशीर हुतोय म्हनं." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. काकू त्यांना स्वयंपाकघरातून कधीच हाक मारत नाहीत, हे इतके दिवस बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी स्कार्फ सोडला आणि तिथल्या खाटेवर बसून राहिले.

ज्या माणसाने जन्मभर आवाजांना ओठ दिले, तो आता ओठ बघून आवाज ओळखत होता. पण हेडफोनमधल्या आवाजाला ओठ कुठून आणणार? कानाचं यंत्र लावून पाहिलं होतं. त्याने आवाज मोठा झाला, पण स कुठला आणि फ कुठला ते कळेना. इतके दिवस ते लॅपटॉपवरच्या आवाजाच्या रेघा आणि संवादाचा कागद बघून अंदाजाने निभावत होते.

"ह्ये पिच्चर हुईपतुर कुनाला सांगू नगंस," काका म्हणाले. "ह्येच्यात माजं नाव येनार हाय. आजवर कशातच आलं न्हाई बग."

नाव येणार होतं, हे खरं होतं. आमचा पहिलाच मोठा चित्रपट होता आणि साहेबांनी तसा शब्द दिला होता.

मग आम्ही एक युक्ती काढली. मी रोज तासभर आधी निघायचे, हेडफोन लावून काकांच्या समोर बसायचे आणि ऐकू येईल तसं वाक्य ओठांनी म्हणायचे. ते माझ्या तोंडावरून लिहायचे. ते चुकले की मी मान हलवायचे. पण चुका बहुतेक माझ्याच निघत. "तू प खातीस. ओठ नीट मिट," असं ते दरडावायचे आणि मग हसायचे. ते महिने फार चांगले होते, हे आज कबूल करायला हवं.

चुलत बहिणीचं लग्न होतं, म्हणून मी चार दिवस गेले नाही. शीट तातडीने हवी होती. मी फोनवर मेसेज टाकला, की लॅपटॉपवर आवाजाच्या रेघा दिसतात, शेजारी संवादाचा कागद आहे. तेवढ्यावर करा, मी आल्यावर तपासते. आल्यावर मी तपासलं नाही. आळस केला, दुसरं काही नाही.

प्रसंग म्हाताऱ्या शेळीचा होता. कागदावर तिचं वाक्य होतं, "मागे फिर, मी वाट बघते." रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज देणाऱ्या बाईंनी ते बदलून "जा बाई, आता थांबू नकोस," असं म्हटलं होतं आणि सगळ्यांना तेच आवडलं होतं. काकांना कोण सांगणार? त्यांनी कागदावरचं वाक्य रेघांवर बरोब्बर बसवलं. त्यावरून आठवडाभर चित्रं काढली गेली. शेळी आवाजाने म्हणत होती जा आणि तोंडाने म्हणत होती फिर. स्टुडिओत पडद्यावर ते पाहून सगळे खदाखदा हसले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं. "त्यांना ऐकू येत नाही. तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

एवढंच. नोकरीची भीती होती, बाकी सबबी मी नंतर शोधल्या. म्हाताऱ्याने सगळ्यांना फसवलं, असं ठरलं. त्यांचं काम बंद झालं आणि उरलेल्या शीट संगणकाने काढल्या.

मी नसरापूरला थांबणं सोडलं. तो फाटा आला, की स्कूटीचा वेग वाढवायचे.

चित्रपट घरबसल्या नेटवर दिसायला लागला, तेव्हा काकूंचा फोन आला, "ये की गं, त्ये पिच्चर लावून बसल्यात." गेले. काकांनी हसून मान हलवली आणि परत लॅपटॉपकडे वळले. मी मागे खाटेवर बसले. लॅपटॉपचा आवाज बंद होता आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. ते नुसती तोंडं बघत होते आणि मधेच पडद्यावर बोट ठेवून पुटपुटत होते, "हितं दोन चित्रं उशीर झाला... हितं मिटलंच न्हाई." त्यांचं एकही बोट चुकीच्या जागी पडत नव्हतं.

शेवटी नावं आली. माझं आलं. त्यांचं नव्हतं.

मागे न वळता ते म्हणाले, "तुजं आलं, लई ब्येस झालं. माज्यापायी तू भांडली असशील. पर सायेब ऐकला नसंल."

ते ऐकून माझा धीर सुटला. त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्यांच्या पाठीला सांगितलं. "काका, मी भांडले नाही. मला काही माहीत नव्हतं, असं मी साहेबांना सांगितलं. शीटही तपासली नव्हती. सगळं तुमच्यावर ढकललं." बोलून थोडं हलकं वाटलं. ऐकू न येणाऱ्या माणसापुढे कबुली देणं किती सोपं असतं, बघा.

मग नजर वर केली. समोर दाढीचा आरसा होता. त्यात काकांचे डोळे होते आणि ते माझ्या तोंडावर खिळलेले होते.

त्यांनी सगळं वाचलं होतं. शेवटच्या शब्दापर्यंत. मग हात वर करून त्यांनी आरसा खिळ्यावरून काढला आणि काच भिंतीकडे करून परत टांगला.

"पोरगी निगालीया," ते आत बघून काकूंना म्हणाले. "च्या ठिवू नगंस."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेल्या काकांशी कुणालाच बोलता यायचं नाही. दिवाळीच्या आधी ते गेले.

मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा खाली गिरणी चालू होती. टेबल आवरलेलं होतं. आरसा तसाच, उलटा होता.

"सुलटा करू देईनात," काकू म्हणाल्या. "म्या लई येळा इचारलं. काय झालं व्हतं गं तुमच्यात?"

मी सवयीने त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. माझे ओठ हलले. आवाज काही आला नाही.