संजयची बोट

संजय बुडाला नाही.

बोटवाला माणूस अचानक गेला म्हटलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. आज वर्ष झालं, अजून विचारतात.

नाही. अटॅक आला. आमच्या शहरातल्याच नेपियर टाउन भागातल्या एका नर्सिंग होममध्ये, भर दुपारी. मी औषधं घेऊन वर आले तोवर संपलं होतं.

पाण्यानं त्याला एकदा जवळजवळ नेलं होतं. ते आज लिहून राहिली.

सासूबाईंना आवडायचं नाही, पण नवऱ्याला मी नावानंच हाक मारायची. संजय फॅक्टरीत होता. त्याच्या सोबतच्यांनी प्लॉट घेतले. यानं सेकंडहँड फायबरची बोट घेतली. मागे छोटं इंजिन.

मला वाटलं, चला, आता दर रविवारी बरगी धरण.

कुठलं काय. कित्येक महिने बोट पाण्यात उतरलीच नाही. इंजिन लावलं की तीही गाडीसारखीच. नोंदणी, तपासणी, विमा, चालवणाऱ्याचा परवाना. संजय सुट्ट्या टाकून चकरा मारायचा.

काठावरचे लोक हसायचे. "अरे साहब, यहाँ कौन पूछता है?"

"जिस दिन पूछेगा, उस दिन क्या बोलूँगा?" संजय म्हणायचा.

मग सामान आलं. लाइफ जॅकेट, शिट्ट्या, आग विझवायचा छोटा सिलेंडर, लांब दोरी बांधलेली फेकायची रिंग. मुलीसाठी, मृणालसाठी, वेगळं लहान जॅकेट. मोठ्यांचं तिच्या डोक्यावरून निघून जायचं.

रिंग फेकायची प्रॅक्टिस आमच्या गढा मोहल्ल्यातल्या गल्लीत. तो समोरच्या ओट्यावर उभा, मी आमच्या दारात, आणि मी फेकलेली रिंग शेजारणीच्या तुळशीवर.

शेजारीण बाहेर आली. "भाभीजी, गली में बाढ़ आने वाली है क्या?"

मी लाजून मेले. "मला काहून शिकवतोस? तू आहेस ना?"

"मीच पडलो तर?"

एवढंच बोलला. परत फेकायला लावली.

नागपूरहून मोठे दीर आले, सगळ्या कुटुंबासोबत. माणसं जास्त, जॅकेटं कमी. संजय म्हणाला, "दोन फेऱ्या करू, दादा."

"अरे, एका माणसानं काय फरक पडते?"

"पडते."

"घरच्याच माणसाले कायदा शिकवून राहिला तू?"

दादा काठावर सतरंजी टाकून बसले ते उठलेच नाहीत. परत जाताना संजयशी बोलले नाहीत. नंतर किती दिवस फोनही नाही. संजयला ते लागलं होतं. जेवताना मध्येच म्हणायचा, "चुकलं का ग माझं?"

मी म्हणायची, "थोडं गोड बोलता आलं असतं."

मग उन्हाळ्यातला तो रविवार. आम्ही तिघंच. ऊन कलत होतं, आम्ही परत निघालो होतो. वारा एकदम उठला. बरगीचं पाणी असं उसळतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

डोक्यावरचं ताडपत्रीचं छत सुटलं आणि फडफडायला लागलं. ते धरायला संजय उठला, तेवढ्यात बाजूनं लाट आली.

संजय पाण्यात.

इंजिनाच्या स्विचला एक लाल दोरी असायची, तिचं दुसरं टोक तो मनगटात अडकवायचा. तो पडला तशी दोरी निघाली आणि इंजिन बंद झालं. नाहीतर बोट आम्हाला घेऊन कुठेही गेली असती. त्याच्या अंगावरसुद्धा.

पण वारा बोटीला त्याच्यापासून दूर नेत होता. जॅकेटमुळे त्याचं डोकं वर होतं, लाटेत दिसायचं, मग दिसायचं नाही. मृणाल "पप्पा, पप्पा" करत रडत होती. मी उठायला गेले.

"उभी राहू नको! बसून फेक!" तो ओरडला.

पहिल्यांदा रिंग अलीकडेच पडली. ओढून घेतली, परत फेकली. त्याच्या हाताशी पडली.

ओढताना माझे तळवे सोलले. तो मागच्या बाजूनं वर चढला, आडवा झाला, खूप खोकला. पहिलं वाक्य काय तर, "मृणालचा पट्टा बघ, ढिला आहे."

लाल दोरी परत स्विचला लावून त्यानं बोट हळूहळू काठाला आणली. त्याला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

घरी आल्यावर त्यानं स्वतः दादांना फोन लावला. सगळं सांगितलं. स्पीकर सुरू होता. दादांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाले, "पुढच्या खेपेले दोन फेऱ्या करू."

केल्या. त्यानंतर पुष्कळदा केल्या.

संजय गेल्यावर बोट ताडपत्रीखाली उभी राहिली. ती विकत घ्यायला सदर भागातल्या एकानं फोन केला. "भाभीजी, आज ही उठा लेता हूँ, ट्रांसफर बाद में देख लेंगे."

"भैया, कल कुछ हो गया तो नाम किसका आएगा?"

तो हसला. मी फोन ठेवला.

मधे विम्याची तारीख आली. भरला. मृणाल आता कॉलेजात आहे, तिचं मराठी आमच्यापेक्षा कच्चं. म्हणाली, "आई, चालवत नाही तर भरते काहून? वेस्ट ही तो है."

"आपल्या नावावर आहे तोवर आपलीच जबाबदारी, बेटा."

शेवटी एक रिटायर्ड फौजी आणि त्यांची बायको आले. आधी कागद पाहिले, मग जॅकेटांचे पट्टे एकेक ओढून पाहिले, मग बोट पाहिली. त्यांनाच विकायची ठरवली.

गेल्या आठवड्यात ट्रान्सफरचा कागद हातात आला. मालकाच्या जागी दुसऱ्याचं नाव. मी ऑफिसच्या जिन्यातच बसले. शिपाई म्हणाला, "मैडम, पानी लाऊँ?"

हो म्हटलं. प्याले. ऑटो करून घरी आले.

संजय, तुझं कुठलंच काम अर्धवट ठेवलं नाही मी.

रोज आठवतोस. शांत राहा.