विसावी डिलिव्हरी

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तीस वर्षं एका घरात राहिलो, आता ते गेलेही, पण त्यांना कळलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, मैत्रिणींना नाही. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर माझी हिंमत झाली नसती — हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला उगाच धीट समजाल.

जळगावकडे माझ्या हाताखाली शिकलेली एखादी नर्स भेटली तर विचारून बघा, केसबुकवाल्या बाई कशा होत्या? आधी कानाला हात लावेल, मग हसेल. "बाप रे, त्या बाई!" म्हणेल. मुली माझ्या मागे असंच म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं. हो, आवडायचं. खोटं कशाला बोलू? — बघा, आता हे वाक्यसुद्धा माझ्या तोंडी शोभत नाही.

केसबुक म्हणजे काय ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नर्सिंगला प्रसूतीचा विषय असतो. त्यात मुलीने स्वतःच्या हाताने वीस डिलिव्हरी करायच्या आणि प्रत्येकीची नोंद एका वहीत करायची. बाईचा दवाखान्यातला नंबर, बाळ किती वाजता झालं, वजन किती, बाळामागून वार कधी पडली, काही अडचण आली का. खाली लेबर रूमच्या सिस्टरची लाल शाईत सही. त्या वहीला गुण असायचे, पण गुणांचं सोडा, वीस भरल्या नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नसे. एक डिलिव्हरी एकीच्याच वहीत. आणि खोटी नोंद सापडली तर सगळी वही रद्द. सहा महिने थांबायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. हा नियम मी पुढे शेकडो मुलींना पाठ करायला लावला. फळ्यावर लिहून.

मी शिकले धुळ्याला, ऐंशीच्या दशकात. शाळेचं नाव कशाला सांगू, शाळेचा काही दोष नव्हता. माझं घर तिथल्याच देवपुरात, वडील मास्तर, घरात सगळं नीटनेटकं. माझं अक्षर फार सुंदर होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

होस्टेलला राहणं सगळ्यांना सक्तीचं होतं; तिथं माझ्या शेजारच्या खाटेवर कमल होती. भडगावकडची. आमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. नवऱ्याने टाकलेली, तीन वर्षांची मुलगी आईकडे ठेवून शिकायला आलेली. मुलीचं नाव रेखा. कमलच्या पत्र्याच्या ट्रंकेत रेखाचं एक झबलं होतं, धुतलेलं नाही, मुद्दाम तसंच ठेवलेलं. परीक्षा झाली की नोकरी लागेल, खोली घेईन, पोरीला घेऊन येईन — एवढाच तिचा हिशोब होता. तिचं बोलणं पक्कं खानदेशी, लिहिणं कष्टाचं. पण हात! काय सांगू तुम्हाला. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, कमलला टेबलापाशी उभी करा.

आता मी अजून इकडंतिकडंच फिरतेय, नाही का? सांगते.

लेबर रूममध्ये आमचे नंबर लावलेले असत. भिंतीवर यादी. जिचा नंबर, तिची डिलिव्हरी. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात मी चार दिवस जळगावला गेले, मावसबहिणीच्या लग्नाला. कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन, हातावर मेंदी काढून परत आले, तोवर माझे नंबर निघून गेले होते. मी रडायला लागले. मेंदीचे हात घेऊन रडायचं म्हणजे काय, पण रडले. तेव्हा कमलने तिचा एक नंबर मला दिला. माझी अठरावी डिलिव्हरी तिच्या नंबरावर झाली. म्हणून शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी सारख्याच होतो. तिच्या एकोणीस, माझ्याही एकोणीस.

वह्या शनिवारी सकाळी द्यायच्या होत्या. शुक्रवारी दुपारी पारोळ्याची एक बाई आली. नंबर कमलचा होता. माझं काम ट्रे धरायचं. पडद्यापलीकडच्या टेबलावर दुसरी बाई अडलेली, सिस्टर तिच्याजवळ गुंतलेली. इकडे आम्ही दोघीच. बाळाच्या मानेभोवती नाळेचा एक वेढा होता. कमलने तो दोन बोटांनी असा अलगद काढला की बाईला कळलंही नाही. मुलगी झाली. मी ट्रे धरून उभी होते. फक्त ट्रे धरून.

वार पडली आणि बाईला रक्त जायला लागलं. कमल ओरडली, सिस्टर धावत आल्या, बघितलं आणि डॉक्टरांना आणायला गेल्या. कमलने बाईच्या पोटावर हात ठेवला आणि वरून गर्भपिशवी चोळत राहिली. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, तरी तिने हात काढला नाही. संध्याकाळपर्यंत ती तिथंच उभी होती. पाणीसुद्धा प्यायली नाही.

आणि मी? मला ट्रे धुवायला पाठवलं होतं. ट्रे धुतला. बाजूच्या खोलीत टेबलावर माझं केसबुक होतं. बसले. पान विसावं उघडलं. बाईचा नंबर मला पाठ झाला होता, वेळ मी स्वतः घड्याळात बघितली होती, वजन मीच केलं होतं. सगळं सुंदर अक्षरात लिहिलं. मानेभोवती नाळेचा एक वेढा, तोही लिहिला. कुठं अडखळले का? नाही हो. मला आठवतंय, एक अक्षर चुकलं नाही. सिस्टर दमून आल्या, म्हणाल्या, "आणा गं वह्या, आत्ताच सह्या करून टाकते." मी माझी वही ढिगात सरकवली. त्यांनी न वाचता सही केली.

मी तेव्हा काय विचार केला, असं विचाराल. कमलला उद्या सकाळी एखादी मिळेल, असा विचार केला असेन. किंवा काहीच केला नसेल. आता आठवून काही उपयोग नाही.

सकाळी कमल तिची वही घेऊन सिस्टरकडे सहीला गेली. सिस्टरनी बाईचा नंबर बघितला आणि म्हणाल्या, या नंबरावर मी काल सही केलीय. दहा मिनिटांत आम्ही दोघी ट्युटरबाईंच्या टेबलासमोर.

भिंतीवरच्या यादीत नंबर कमलचा होता, पण मुली आपसात नंबर बदलायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. लेबर रूमच्या रजिस्टरात डिलिव्हरी कुणी केली तिथं नुसतं 'विद्यार्थिनी' लिहायची पद्धत होती. सिस्टर खरंच पडद्यापलीकडे होत्या, त्या म्हणाल्या, मी आले तेव्हा दोघी उभ्या होत्या. ट्युटरबाई वाईट नव्हत्या बरं का. त्या स्वतः वॉर्डात गेल्या, पारोळ्याच्या बाईला विचारलं. ती बिचारी पांढरीफटक पडलेली. ती म्हणाली, "दोन्ही पोरी व्हत्यात. दोन्हीस्नी जीव वाचाडा मना."

दोघींनी वाचवला म्हणे. मी ट्रे धरला होता हो.

मग दोन वह्या शेजारी ठेवल्या. माझी स्वच्छ, सही झालेली, आदल्या दिवशीची. कमलची पेन्सिलने लिहून वर शाई फिरवलेली, खाडाखोड केलेली, बिनसहीची, एक दिवस उशिराची. उशीर का झाला? तर ती त्या बाईचं पोट धरून उभी होती म्हणून. हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं. ट्युटरबाईंनी मला विचारलं, "खरं सांग. कुणी केली?"

मी म्हटलं, "मी."

एवढंच. एक अक्षर. त्यासाठी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं.

कमल म्हणाली, "बाई, मी करेल शे ती. मना हातमा पोर उनी." मीच केलीय, माझ्या हातात पोर आली, असं दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा नाही म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली, मी पुढे काही बोलेन म्हणून. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. हिरवा होता, आत बुडबुडे.

वही रद्द झाली तिची. एकोणीस खऱ्या डिलिव्हरींसकट.

मी खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? सहा महिने. वडील रागावले असते, आईने समजूत काढली असती, देवपुरातल्या घरात आयतं जेवण मिळत होतं. माझे फक्त सहा महिने गेले असते. हे तेव्हाही मला माहीत होतं.

दुपारी ती ट्रंक भरत होती. मी दारात उभी. मला वाटलं शिव्या देईल, झिंज्या धरेल. मी तयार होते, खरं म्हणजे मला ते हवं होतं. ती रेखाचं झबलं घडी करत म्हणाली, "मांगी लेती ना वं. मांगी लेती ते दी टाकती मी." मागून घ्यायचं होतंस, दिली असती. अठरावी दिली होती तशी.

सहा महिन्यांनी ती परत आली नाही. तिच्या भावाने शिकायला एकदाच धाडलं होतं, पुन्हा नाही धाडलं. पुढे ऐकलं की गिरणाकाठच्या गावांतून बाळंतपणं करत फिरते. कागद नाही, पगार नाही, हात तेच.

मी पास झाले. वरचं शिक्षण घेतलं, नव्वदच्या दशकात जळगावला एका नर्सिंग शाळेत ट्युटर झाले. आणि काय केलं माहितीय? केसबुकं तपासायला लागले. पट्टी लावून, एकेक नंबर रजिस्टराशी ताडून. रजिस्टरात विद्यार्थिनीचं नाव लिहायचं, हा नियम मी सुरू केला, त्याबद्दल माझं कौतुकही झालं. एका मुलीची खोटी नोंद पकडली. ती पाया पडत होती. "नियम म्हणजे नियम," असं मी म्हटलं, याच तोंडाने, आणि तिची वही रद्द केली. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही असं सांगायला बरं वाटलं असतं. गेलं. नीट जेवले.

मग एका जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी रांगेत कमल उभी राहिली. केस पिकलेले, नऊवारी, हातात पिशवी. सोबत मुलगी. अर्जावर नाव बघितलं, रेखा. माझ्या हातातलं पेन थांबलं. कमलने मला ओळखलं, पहिल्या नजरेत ओळखलं. मला वाटलं, आता बोलेल. सगळ्या पालकांसमोर, हेडक्लार्कसमोर. बोलायला हवं होतं तिने.

ती मुलीकडे वळली आणि म्हणाली, "या बाईंना हातखाले नीट शिक. बठ्ठं खरं लिहजो. यास्नापुढे खोटं चालत नही."

सगळं खरं लिही, यांच्यापुढे खोटं चालत नाही. टोमणा होता का? आवाज तर साधा होता. इतकी वर्षं मी तो आवाज मनात पुन्हा पुन्हा ऐकते आणि मला ठरवता येत नाही. तेव्हा उठून तिचा हात धरता आला असता. मुलीसमोर सांगता आलं असतं, तुझी आई खोटी नव्हती गं. तिला घरी काय सांगितलं गेलं असेल? आई परीक्षेआधीच का परत आली, हे पोरीने कधीतरी विचारलं असेलच ना?

मी अर्जावर सही केली आणि म्हटलं, "पुढचा."

रेखा माझ्याकडे शिकली. तिच्या वीस डिलिव्हरी मी ताडून बघितल्या, एकेक नंबर. बठ्ठं खरं होतं. विसाव्या पानावर मी सही करताना तिने विचारलं, "बाई, तुमची विसावी आठवते का?" मुली विचारतात असं, सहज. मी म्हटलं, "आठवते ना. पारोळ्याची होती. मानेभोवती वेढा होता." तिने डोळे मोठे केले, म्हणाली, "तुम्ही काढला?" मी म्हटलं, "हो."

तिच्या आईने काढलेला वेढा — मी तिच्याच तोंडावर दुसऱ्यांदा माझा केला. आणि या वेळी मला कुणी खरं सांग म्हणून दरडावलंही नव्हतं.

माझं केसबुक अजून कपाटात आहे. काल काढलं. लाल शाई फिकी झालीय, माझं अक्षर मात्र तसंच सुंदर. विसाव्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ही डिलिव्हरी कमलने केली. मी ट्रे धरला होता.

माझ्या एकोणीसच झाल्या.