स्वीडनच्या पोराची दृष्ट काढली

सगळ्यात आधी टपकली सिंधूबाई, माझं कुंकू करंड्यात भरायचंच होतं. मग शेजारच्या दोघी मागावरच्या साड्यांचे सुटे धागे कापायचं काम सोडून आल्या. बायांनो, आज आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर हेच लिहिते, कारण आमचं हळदीकुंकू टीव्हीपुढे राहूनच गेलं.

केबलवर माझा लाडका स्वीडनचा पोऱ्या पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फात धावत होता. सिंधूबाई हसली, "हाऊ बरफमा कसाले पयस वं?" बर्फात कशाला पळतो, म्हणे.

नातीने पेपरात वाचलेलं सांगितलं. आधी सगळ्या शर्यती तोच जिंकायचा. तिकडे लोक कामं टाकून रस्त्याकडेला त्याच्यासाठी घंटा वाजवतात. मग आजारी पडला. आज पहिल्या तिघांत आला नाही तर संघातून काढून घरी बसवतील.

आणि तो मागे पडला की! एवढी माणसं बघतात, नजर लागणारच. मी मीठ-मोहऱ्या घेऊन टीव्हीवरून उतरवल्या, बांगड्या काचेवर खणकन आपटल्या.

"आई, काच तडकेल!" सून ओरडली.

शेवटच्या चढावर त्याने दोघांना मागे टाकलं आणि तिसरा आला. लोकांनी पहिल्याला सोडून त्यालाच खांद्यावर घेतलं. एवढी माया कशाने मिळत असेल, सांगा बरं?

निघताना सिंधूबाई म्हणाली, "रविवारले परत शर्यत शे ना? आम्ही येसूत. पोऱ्या एकला कसा पयी?"