रघुनाथरावांचा उलटा हात

आमचे हे, म्हणजे रघुनाथराव, सौंसरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर असतात. गाव त्यांना देवमाणूस म्हणतं, मी भित्रा माणूस म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने कूलरला कधी बोट लावलं नाही. पाणी मी भरते, बटण मी दाबते आणि हे दारातून विचारतात, "मीना, चप्पल घातली का?" मी चेष्टा करते, पण कारण मला ठाऊक आहे. माझे धाकटे दीर भिवाजी मोहगावच्या घरी कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागून गेले. त्याच सकाळी कूलरला टेस्टर लावून पाहिला होता, पेटला नव्हता. तेव्हापासून यांचा टेस्टरवरही विश्वास नाही.

आमची लेक प्रणाली कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळते, आणि चांगलाच खेळते. नागपूरची एक टीम तिला घेणार होती. मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, निवडीची मॅच होती. कॉम्प्युटर मात्र जुना, ऐन लढाईत चित्र अडखळायचं. टीममधला गौरव फोनवर म्हणाला, प्रोसेसर नवा टाक, नाहीतर आहे त्याचाच वेग वाढव. नव्यासोबत बोर्डही बदलावा लागणार होता आणि तेवढा वेळ नव्हता. तिने सेटिंगमध्ये जाऊन वेग वाढवला. चित्र खरंच सुरळीत पळू लागलं, पण प्रोसेसर इतका तापायचा की खेळता खेळता कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा.

यावर आमच्या हुशार लेकीने काय करावं? कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढलं आणि कूलर ओढून अगदी त्याला लावून ठेवला. लोखंडी कूलर, खाली ठिबकणारं पाणी, उघड्या वायरी आणि ओल्या फरशीवर तिचे अनवाणी पाय. हे आत आले आणि पांढरेफटक पडले.

"काय करून राहिली वं तू? बंद कर थो कूलर!"

"बाबा, आत्ता मॅच सुरू होऊन राहिली. बंद केला तं माही निवड गेली."

मला वाटलं, आता हे मेन स्विच पाडतात. मी तर पाडलाच असता. पण हे नुसते उभे राहिले, कपाळावर घाम. मग त्यांनी चप्पल काढली, ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि उजवा हात उलटा करून कूलरच्या पत्र्याला टेकवला; करंट असला तर तळहात पत्र्याला चिकटून बसतो, उलटा हात झटकला जातो.

मला भिवाजी दिसत होते.

काही झालं नाही. तरी यांनी हात काढला नाही. "खेळ तू," ते म्हणाले, "मी हात लावून बसतो. करंट आला तं पहिले मले लागंन."

प्रणालीने पत्र्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. उठली, पायात चप्पल घातली आणि कूलरची पिन ओढून काढली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून वेग पूर्वी होता तेवढा करून टाकला. अडखळत्या चित्रावर मॅच खेळली आणि हरली. मला इतकं हायसं वाटलं की तिच्याकडे बघायची लाज वाटली.

संध्याकाळी हे तिच्याजवळ जाऊन बसले. "थो नवा प्रोसेसर टाकला तं कूलर लावा लागत नाही ना?"

"नाही, बाबा."

"मंग उद्याच्या बसने नागपूरले जाऊ."

बोलताना तो उजवा हात त्यांनी काखेत दाबून धरला होता. बसच्या भाड्याचे पैसे डाव्या हातानेच मोजत होते.