उशिराचा धान

"पाहा बरं, आज काय पालटलं?"

अंगणवाडीच्या पायरीवर उभं राहून, कपाळाला आडवा हात लावून बाई रोज सकाळी हेच विचारायच्या. लेकरं अजून डोळे चोळत असायची, एकदोघांची नाकं वाहत असायची. एक दिवस एक जण म्हणाला, "बाई, माही चड्डी पालटली." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. आता बाहेर काय पालटलं थे सांग."

मी तिथे मदतनीस. खिचडी शिजवणं आणि लेकरांचे हातपाय धुणं माझ्याकडे. आमचं गाव आसगावच्या पुढे, तलावाच्या खालच्या अंगाला, म्हणजे घरातून निघालं की थेट धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरातच पाय. पोळा झाला की बाई लेकरांना एकमेकांचा सदरा धरायला लावायच्या आणि दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून आगगाडी काढायच्या. शेवटचा डबा मी. दर आठवड्याला त्याच बांधीपाशी जायचं आणि मागच्या खेपेपेक्षा काय वेगळं दिसतं ते सांगायचं, एवढाच अभ्यास.

"धान पोटुशी हाये, हळू बोला," बाई म्हणायच्या आणि एरवी छप्पर उडवणारी पोरं खरोखर कुजबुजायला लागायची. मग धान निसवायचा, लोंब्या बाहेर यायच्या. मग दाणा भरायचा. बाई एक हिरवा दाणा नखाने दाबून पांढरा थेंब दाखवायच्या.

"बाई, याले दूध कोन पाजते?"

"तलाव पाजते."

"तलावाले?"

"तलावाले पाऊस पाजते."

"मंग पावसाले?"

बाई माझ्याकडे वळायच्या. "मावशी, खिचडी झाली का वो?" खिचडी तिकडे अंगणवाडीत, चुलीवर. हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता पुढचं सांगायचं तर आधी एक गोष्ट सांगते. आमच्याकडे हलका धान दसऱ्याच्या आसपास कापायला येतो. भारी धान तेव्हा हिरवाच असतो, तो दिवाळी उलटल्यावर पिकतो. दोन्ही एकाच पावसात लावलेले, शेजारीशेजारी. बाई लेकरांना दोन्ही बांध्या दाखवायच्या. "हा हलका, याले घाई हाये. हा भारी, हा आपल्या चालीनं येते. याच्यावर कोनी रागवाचं नाही."

तो शब्द त्यांनी लेकरांनाही लावला. एखादं उशिरा चाललं, उशिरा बोललं, की त्याच्या आईला म्हणायच्या, "भारी धान हाये बाई तुहा. टाइम लागते." आया हसायच्या, पोराला कडेवर घेऊन घरी जायच्या. बहुतेक वेळा त्यांचं खरंही ठरायचं. गावाने शब्द उचलला. लग्न लांबलेल्या माझ्या पुतण्यालासुद्धा लोक भारी धान म्हणायचे.

तनू अशीच होती. चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हसायची, नकला करायची, दुसऱ्या पोरांचं पाहून सगळं बरोबर करायची. सासू कटकट करायची म्हणून तिची माय दर महिन्याला विचारायची, "मॅडम, एकदा भंडाऱ्याले नेऊन दाखवू का?" आणि बाई म्हणायच्या, "कायले घाबरतं? भारी धान हाये. येईल आपल्या चालीनं."

मग त्या वर्षीचा आश्विन आला. ऊन असं की पाठ भाजावी आणि सावलीत गेलं की थंड वाटावं. धुऱ्याच्या कडेला उंच कासगवत पांढरं फुललेलं. लेकरं "म्हातारीचे केस, म्हातारीचे केस" करत माझ्या डोक्याकडे बोट दाखवत होती. तनू जराशी बाजूला, आमच्याकडे पाठ करून बसली होती. कासाच्या दांड्यावर एक टोळ होता, त्याच्याकडे टक लावून.

हलक्या बांधीत पोपटांचा थवा उतरला होता. राखणीला बसलेल्या म्हाताऱ्याने धुऱ्याआडून रिकामा तेलाचा डबा एकदम बडवला. पोपट उडाले, पोरं किंचाळली, दोघं माझ्या लुगड्यात शिरली, मीही दचकले. तनूची मान हलली नाही. टोळही उडून गेला आणि ती तो कुठे गेला ते शोधत बसली.

बाई थांबल्या. पुढच्या पोराचा हात सोडून त्या म्हाताऱ्याजवळ गेल्या.

"अजून एकदा वाजव गा."

"पाखरं तर गेली ना बाई."

"वाजव म्हनते ना."

त्याने वाजवला. मग बाईंनी डबा स्वतःच्या हातात घेतला, तनूच्या मागे चार हातांवर उभं राहून वाजवला. पोरांना मजा वाटली, ती टाळ्या पिटायला लागली. बाईंची सावली पुढे सरकली तेव्हा तनूने वळून पाहिलं आणि सगळे हसतात म्हणून तीही हसली.

बाईंनी डबा हळूच खाली ठेवला. आवाज होऊ नये तसा.

त्याच दुपारी त्या मला घेऊन तनूच्या घरी गेल्या. माय खळं सारवत होती. "या ना मॅडम," म्हणाली, हात शेणाचे म्हणून कोपराने पदर सावरला.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "माहं बोलनं चुकलं. तुही पोरगी भारी धान नाही. तिले ऐकू येत नाही."

मायने शेणाचे हात बादलीत बुडवून धुतले. मग म्हणाली, "तुम्हीच तर म्हनत होत्या."

"व्हय. मीच म्हनत होती."

"मी दर महिन्याले विचारत होती तुम्हाले. सासूच्या शिव्या खाऊन तुमच्या भरोशावर बसली."

"व्हय," बाई म्हणाल्या.

मला वाटत होतं, बाईंनी काहीतरी म्हणावं. की मुद्दाम नाही केलं, मी काय डॉक्टर आहे, घरच्यांनाही कुठे कळलं होतं. सगळं खरंच होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांनी तोंडातून काढलं नाही.

दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याच्या एसटीत आम्ही चौघी. माय पुढच्या बाकावर तनूला मांडीत घेऊन बसली, बाई मागच्या. दवाखान्यात तपासण्या झाल्या, नागपूरला जायला सांगितलं, तिथेही बाई गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऐकू अगदीच येत नाही असं नाही, कानात मशीन बसवू, पण आधी आणायला हवं होतं. माय मान खाली घालून उभी. बाई म्हणाल्या, "हिची चूक नाही मॅडम. हिले मी थांबवलं होतं."

तनूला मशीन मिळालं. माय मात्र बाईंशी बोलेना. पोरीला अंगणवाडीत सोडायची, ते माझ्या हातात. बाई समोर असल्या तर मलाच म्हणायची, "मावशी, मशीन वल्लं होऊ देऊ नका."

त्यानंतर बाईंच्या तोंडून "भारी धान" आला नाही. लेकरांसाठी तर नाहीच, पण खऱ्या धानालाही त्या "उशिराचा धान" म्हणायला लागल्या. शेतकरी हसायचे. "मॅडम, भारी म्हना ना, उशिराचा कोनता नवा निघाला?" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आणि कुणाची माय पोराबद्दल काही विचारायला आली, की खिचडीचं झाकण माझ्या हाती देऊन तिला म्हणायच्या, "चाल, दवाखान्यात दाखवून येऊ."

पौषात बाई निवृत्त झाल्या, पोराकडे नागपूरला गेल्या. निरोपाला सगळं गाव होतं. तनूची माय नव्हती.

आपल्याकडे पानं झडतात ती फाल्गुनात. तलावाच्या पाळीखाली सागाची झाडं आहेत, तिथे पानांचा नुसता खच पडतो. मी लेकरांना घेऊन गेले होते. तनूची माय तिथेच काटक्या वेचत होती. तनूने एका मोठ्या वाळल्या पानावर पाय दिला, ते चुरचुरलं आणि ती थबकली. पाय उचलून खाली पाहिलं. पुन्हा दिला. मग दुसऱ्या पानावर. मग तिने माझ्याकडे पाहून कानाला हात लावला.

मी बाईंना फोन लावला. काय चाललंय ते सांगायला लागले, पण मला धड सांगता येईना. तेवढ्यात मायने काटक्यांचा भारा खाली टाकला, पदराला हात पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, मी बोलून राहिली. थांबा, ऐका."

पोरगी पानांवरून पाय आपटत पुढे, आणि तिची माय कंबरेत वाकून, फोन तिच्या पावलांजवळ धरून, मागे मागे.