फक्कीची रेघ

माझी नात कॉम्प्युटरवर राज्य चालवते. खेळच तसा आहे. शहर आपलं, खजिना आपला, निवडणूकही आपल्यालाच जिंकायची. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातलं राजकारण मला कळत नाही. पण ते शहर मी दुपारभर पाहत बसायची. चित्र जवळ घेतलं की गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत, ओट्यावर कुत्रं झोपलेलं दिसे, संध्याकाळ झाली की एकेका खिडकीत दिवा लागे.

एकदा तिनं अशा एका गल्लीवरून बोट फिरवलं. धूळ उडाली, घरं गेली, काळा रस्ता आला. दोरीवरचे कपडेही गेले.

"काहून पाडलं वं?"

"रोड पायजे न आजी. अन् तिथं मतं कमी होती."

घरातल्या बाया कुठं गेल्या, असं मी विचारलं. ती हसली. बाया नसतातच म्हणाली, कपडे नुसते दाखवायसाठी असतात. मला ते पटलं नाही. कपडे कोणीतरी धुतले असतीलच.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या गल्लीत रस्ता रुंद करायचा म्हणून तीन पायांची मशीन घेऊन माणसं आली. आमची गल्ली लकडगंजाच्या मागची. एका बाजूला आमची घरं, समोर लाकडाच्या गोदामाची लांब भिंत. ते मोजत राहिले आणि जाताना दोन्हीकडे चुन्याची फक्की मारून गेले. पांढरी रेघ आमच्या पायरीच्या हातभर बाहेर होती, गोदामाकडची भिंतीच्या आत. म्हणजे जागा गोदामवाल्याची जाणार होती. शेजारीण म्हणाली, चला, आपण वाचलो.

सकाळी उठून सगळ्या बायांनी नेहमीसारखा सडा टाकला. सणवार असो की सुतक, आमच्याकडे दारापुढे झाडून सडा पडल्याशिवाय चूल पेटत नाही. फक्की पुसून जाते आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण दारापुढं पांढरी रेघ कोण ठेवेल? तेराव्याचं घर वाटतं. आम्ही वरून रांगोळ्या काढल्या.

माणसं परत आली ती लाल रंगाचा डबा घेऊन. या खेपेला गोदामाच्या भिंतीला टेप लावून तिथूनच मोजलं. रेघ आमची पायरी ओलांडून आत आली, उंबरठ्यावरून गेली. मी म्हटलं, पहिली रेघ बाहेर होती. त्यांच्यातला एक चांगल्या आवाजात म्हणाला, "कुठं होती, दाखवा मावशी."

गल्लीतल्या सगळ्या बाया खाली पाहू लागल्या. दाखवायला तिथं शेणाचा सडा होता.

घरात येऊन मी नातीला खेळ लावायला सांगितलं. म्हटलं, ही आपली गल्ली समज, हे गोदाम. रस्ता तुले काढायचा आहे. कुठून काढशील?

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"इथूनच."

"आपल्या घरावरून?"

"गोदामवाला नाराज झाला तर खजिना आटते आजी. आपण नाराज झालो तर काहीच होत नाही."

खोटं बोलली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. तिनं कॉम्प्युटर बंद केला. कुत्रं, दिवे, कपडे सगळं काळं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सडा टाकला. उंबरठ्यावरही पाणी गेलं. लाल रेघ निघाली नाही. ओली होऊन आणखी उठून दिसली.