माय माहेरी गेली आहे

माझा धाकटा भाऊ पौषात गेला. तेरावं झाल्यावर त्याच्या मुलींनी मला विचारलं, "आत्या, बाबा लहानपणी कसे होते?" मी त्यांना दोन-तीन बऱ्या गोष्टी सांगितल्या. ही सांगितली नाही. ती इथे लिहिते आहे, आणि सावकाश लिहिते आहे, कारण घाई केली की मी माझीच बाजू घेऊ लागते.

आमचं गाव कुरुंदा. मी नऊ वर्षांची आणि धाकटा तीन वर्षांचा असताना श्रावणात आमची माय बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मला मोठ्या माणसांच्या रडण्यावरून कळलं. धाकट्याला कुणी काही सांगितलंच नाही. तो मलाच विचारायचा, आणि मी सांगायचे, "माय माहेरी गेलीय. बाळ घेऊन येईल." पहिल्या वेळी त्याला झोपवायला सांगितलं होतं. पुढे दर रात्री सांगावं लागलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वसमतच्या कचेरीत नकलनवीस होते. निजामाचं राज्य, कागद सगळे उर्दूत. त्या कागदांच्या सुबक नकला करणं हे त्यांचं काम. माय गेल्यावर सहा महिन्यांतच काकूनं तिच्या धाकट्या बहिणीचा विषय काढला. "लेकरांना माय पायजे का न्हाई?" असं ती येता-जाता ऐकवायची. आबांनी हिंगोलीच्या कचेरीत बदली मागून घेतली, आणि चैत्रात आम्ही बैलगाडीनं वसमतला आणि तिथून रेल्वेनं हिंगोलीला आलो. सोबत दोन ट्रंका, एक वळकटी आणि मायची पितळी परात.

आम्ही स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. आबांना दोन गोष्टी हव्या होत्या. दिवसभर बाईमाणूस घरात असेल अशा घरातली एक खोली, आणि धाकट्याला बसवून घेईल अशी शाळा. मी मुलींच्या शाळेत जावं ही मायची इच्छा होती. मी शाळेत, आबा कचेरीत, तर साडेतीन वर्षांच्या पोरानं कुठं राहायचं? सरकारी शाळा इतक्या लहानाला घेत नव्हती. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर एक म्हातारे मास्तर बारक्या पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवतात, असं कळलं होतं. म्हणून त्या देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांतून आम्ही खोली शोधू लागलो.

पहिल्या घरी ओट्यावर एक आजोबा बसले होते. गाव विचारलं, जात विचारली, कचेरीचं ऐकून खूश झाले. मग म्हणाले, "आन लेकरांची माय?"

"वारली," आबा म्हणाले.

"मंग न्हाई जमायचं. लेकीसुनांचं घर हाय आमचं. बिनबायकी माणूस कसा ठेवावा?"

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरची बाई धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवून आबांना नीट न्याहाळलं. "केस तर काळेच हायेत की अजून. काहून थांबलात? लगीन करा, मंग या जोडीनं. खोली ठिवते मी." तिची सून आत हसली. आबांनी तिलाही नमस्कार केला आणि आम्ही पुढे निघालो.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी देवळामागच्या गल्लीत एका घराच्या दारात आम्ही उभे होतो. घरची बाई जाड, मोकळ्या आवाजाची, कपाळावर मोठं कुंकू. खोली चांगली होती. खिडकीतून देवळाची ओसरी दिसायची. बाईनं विचारलं, "घरचं माणूस कुठंय?"

आबांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोलले. "माय माहेरी गेलीय."

मी ठरवून बोलले नव्हते. आठ महिने तेच वाक्य म्हणत होते, ते तोंडातून आलं. पण आल्यावर ते मी मागे घेतलं नाही. धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. "व्हय! बाळ घिऊन येनार हाय!"

"बाळंतपणाला गेलीया व्हय?" बाईचा चेहरा फुलला. "मंग तर घरच झालं तुमचं. मावशी म्हना मला."

मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. धाकटा झोळीसारखा त्यांच्या हाताला लोंबकळत होता, तीन दिवसांच्या उन्हानं त्याचे ओठ सोलले होते. संध्याकाळी आबांनी ट्रंका आणल्या.

मास्तरांकडेही तेच चाललं. त्यांनी विचारलं, लेकरू आजारलं तर धाडायचं कुणाकडं? मावशी स्वतः ओसरीपर्यंत आली होती. ती म्हणाली, "माय यीस्तवर माझ्याकडं धाडा." मास्तरांची एकच अट होती. पोरगं रडता कामा नये. एक रडलं की दहा रडतात.

तेव्हा घरी येऊन मी धाकट्याला म्हटलं, "शाळेत रडलास तर माय येनार न्हाई."

तो रडला नाही. चैत्र ते भाद्रपद तो एकदाही रडला नाही. ओसरीवरून पडला, हनुवटी फुटली, तरी ओठ घट्ट मिटून बसला. मास्तर म्हणाले, "असं शहाणं पोर मी बघितलं न्हाई." मला त्याचा अभिमान वाटला. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटला होता.

मी शाळेत चौथीत बसू लागले. दुपारी परत येई तेव्हा मावशी त्याला भात भरवत असायची, आणि मला चिडवायची. "काय गं, किती दिस ऱ्हाती बाळंतीण माहेरी? तुझ्या बापाला करमतंय तरी कसं?" मी नवनवं सांगत गेले. मुलगा झाला. अशक्त आहे. आजी धाडत नाही. मावशीनं जुन्या खणाची एक कुंची शिवली, लाल काठाची, आणि आमच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली. "आल्याबरुबर घालायची त्याला. नजर लागू नये म्हनून." आबा संध्याकाळी त्या खुंटीकडे पाठ करून बसायचे. महायुद्धाच्या लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून दिवा लवकर मालवायचा. ते बरंच होतं.

श्रावणात मायचं वर्षश्राद्ध आलं. आबा रजा काढून एकटे गावी जाऊन आले. परतले तेव्हा मावशी दारातच उभी. तिला वाटलं, बाळ पाहायला गेले होते. "कसं हाय बाळ?"

आबा म्हणाले, "बरं हाय."

माझ्या माहितीत ते एवढंच खोटं बोलले. त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. पानात वाढलेलं तसंच राहायचं.

त्याच महिन्यात मावशीची मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. सातवा महिना. घरात डिंकाचे, खारकांचे डबे आले. भिंतीपलीकडून तिच्या हसण्याचा आवाज यायचा.

मग पितरांचा पंधरवडा लागला. त्यातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. त्या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. आबांना पुन्हा रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "उद्या नवमी. मावशीला जेवायला सांगतो."

मी म्हटलं, "आबा, मग तिला कळंल."

"कळू दे. किती दिस खोटं बोलून तुझ्या मायला उपाशी ठिवावं?"

"दुसऱ्या कुणाला सांगा."

"जिचं मीठ खाऊन राहिलो तिलाच सांगाया पायजे," आबा म्हणाले.

सकाळी मी खीर आणि वडे केले, आबांनी पुरणपोळ्या लाटल्या. त्या फुटल्या. मायच्या परातीत पीठ मळलं होतं. पाट मांडला, पान वाढलं, शेजारी हळदकुंकू, नारळ, बांगड्या. मावशी पदर सावरत आली आणि उंबऱ्यातच थांबली. पंधरवड्यातली नवमी तिला का ठाऊक नसेल? पान पाहिलं, ओटीचं ताट पाहिलं.

"कुनाची नवमी?" तिनं विचारलं.

आबांनी ताटातला नारळ उगीच सरळ केला. धाकटा वडा मिळेल म्हणून माझ्या मांडीला टेकून उभा होता. त्याला आधी बाहेर न्यावं, हे मला सुचलं नाही. मी म्हणाले, "मायची."

मग मावशी आत आली आणि पाटावर बसली. नवमीच्या पानावरून सवाष्ण उठत नाही. ती जेवली. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत मान खाली घालून, डोळे पुसत जेवली. मी ओटी भरली. हात धुतल्यावर ती आबांना म्हणाली, "बाळंतपनातच गेली ना?"

"व्हय. वरीस झालं."

"माझी पोर दिस भरत आलेली हाय हो या घरात. आन मी तुमच्या बाळाला कुंची शिवून राहिले." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "बाळंतपनात गेलेल्या बाईचा जीव लेकरांभोवतीच घोटाळतो, भाऊ. मी तुमाला वाईट म्हनत न्हाई. पन घट बसायच्या आत खोली खाली करा."

तिनं खुंटीवरची कुंची काढली, क्षणभर हातात धरली, आणि कुठं ठेवावी ते न कळून चुलीत घातली.

धाकट्यानं हे सगळं पाहिलं. त्यानं मला विचारलं, "अक्का, माय येनार न्हाई?" मी म्हटलं, "न्हाई." त्यानं वडा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत सकाळपासून दुपारपर्यंत रडला. आता न रडण्याचं काही कारण उरलं नव्हतं. एकाचे दहा झाले. मास्तरांनी त्याला उचलून आणलं, संध्याकाळी आबांना गाठलं, आणि उद्यापासून आणू नका म्हणाले.

म्हणजे खोलीही गेली आणि शाळाही गेली. आम्ही पुन्हा गल्ल्यांतून हिंडू लागलो. आता धाकटा आमच्या पुढे चालायचा. दार उघडलं की आबांनी नमस्कार करायच्या आधीच तो सांगायचा, "आमची माय मेली. बाळ बी मेलं." पाठ केल्यासारखं, मोठ्यानं. लोक दचकायचे. एका बाईनं कडी लावून घेतली. आबांनी पहिल्या दिवशी त्याला "गप" म्हटलं, दुसऱ्या दिवशी तेही सोडलं. मला लाज वाटायची. मी त्याचा हात सोडून दोन पावलं मागे राहायचे.

शेवटी गावाबाहेर, कापसाच्या जिनामागे, एक पत्र्याची खोली मिळाली. घर तांड्यावरून येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं. तिनं काही विचारलं नाही. धाकट्यानं तरी सांगितलंच.

"माझी बी मेली," ती म्हणाली. "पानी बाहेरून भरावं लागंल."

तिथून देवळाची ओसरी लांब आणि मुलींची शाळा त्याहून लांब. म्हातारी दिवसा जिनात कामाला जायची. धाकट्याजवळ कुणीतरी हवं, म्हणून मी घरी राहिले. दीड वर्षानं तो सरकारी शाळेत बसण्याजोगा झाला, तेव्हा मी पुन्हा चौथीत गेले. माझ्याहून दोन वर्षांनी लहान मुलींच्या रांगेत मला बसवलं. पुढे मी शिकले, शिकवलंही. आबांनी पुन्हा लग्न केलं नाही.

धाकट्याची ती सवय आयुष्यभर गेली नाही. मुलींची लग्नं ठरवताना तो पाहुण्यांना चहाच्या आधी घरातलं उणं सांगून टाकायचा. कुणाला दमा आहे, कुणाचं एक स्थळ मोडलं आहे. दोन स्थळं त्यानं अशीच घालवली. त्याची बायको माझ्याकडे तक्रार करायची. मी म्हणायचे, स्वभाव आहे त्याचा.

पौषात दवाखान्यात मी त्याच्याजवळ होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. मी आत आले तेव्हा तो जागा होता.

"अक्का, काय म्हनाला डॉक्टर?"

मी म्हटलं, "बरा होशील. आठवड्यात घरी सोडतील."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या हनुवटीवरची ती जुनी खूण दाढीतून दिसत होती. मग त्यानं मान भिंतीकडे वळवली. माझ्या हातातला हात त्यानं काढून घेतला नाही. मीही या वेळी तो सोडला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला, आणि तोवर आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही.